'ध' चा 'मा' आणि परमुलुखांत पळालेले गारदी

कागदावरचा मजकूर कोणी लबाडीनें फिरविला, कीं आपण सहज म्हणतों, 'त्यानें ध चा मा केला.' हे शब्द इतके रूढ झाले आहेत कीं, ज्याला पेशवाईची चार पानेंहि ठाऊक नाहींत तोहि ते बिनदिक्कत वापरतो. मागची हकीकत बहुतेकांना माहीत असते. पेशव्यांच्या वाड्यांत अठरा वर्षांच्या मुलाचा खून झाला; चुलत्यानें गारद्यांना लिहून दिलें होतें कीं त्याला 'धरावें', आणि चुलती आनंदीबाई हिनें त्या चिठ्ठींत 'ध' चा 'मा' करून 'मारावें' असें केलें.

मीं ही हकीकत पुष्कळ वर्षें वर्गांत सांगितली. फळ्यावर 'धरावें' लिहावयाचें, 'ध' पुसावयाचा, त्या जागीं 'मा' काढावयाचा, आणि वर्गाकडे वळून पाहावयाचें. मुलें गप्प होत असत. एके वर्षीं मागल्या बांकावरच्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तो कागद कोणीं पाहिला?" मीं त्याला 'खालीं बस' म्हणून सांगितलें. प्रश्न उद्धट नव्हता. मला उत्तर येत नव्हतें, एवढेंच. नोकरींतून मोकळा झाल्यावर मीं त्या प्रश्नाच्या पाठीमागें लागलों, आणि जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम त्या मुलाविषयीं. नारायणराव हा नानासाहेब पेशव्यांचा व गोपिकाबाईंचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ विश्वासराव १७६१ सालीं पानिपतावर पडला. मधला माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें वारला. नारायणरावाचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. म्हणजे पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तेव्हां त्याला सतरावें वर्ष पुरें होऊन चारच महिने झाले होते. स्वभावानें तो उतावीळ व तोंडाचा फटकळ होता, असें त्याच्याविषयीं लिहिलें गेलें आहे. असेल. सतरा वर्षांच्या मुलांत मीं आयुष्य घालविलें आहे. त्यांतला कोणता उतावीळ नसतो? मात्र बाकीच्यांच्या अंगावर राज्य नसतें.

चुलता रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनवारवाड्यांतच नजरकैदेंत होता. १७६८ च्या जून महिन्यांत धोडपच्या किल्ल्यापाशीं माधवरावानें त्याचा मोड करून त्याला धरून आणलें होतें. या दादाविषयीं आपल्या भागांतील एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पैठणच्या खालीं गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं निजामअलीच्या फौजेशीं मराठ्यांची लढाई झाली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर यानें दादाला घेरून मोठ्या अडचणींत आणलें होतें. त्या वेळीं त्याच्या सुटकेस धांवला तो अठरा वर्षांचा पुतण्या माधवराव. विठ्ठल सुंदर पडला, निजामअली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, परतला, आणि सप्टेंबरांत येथेंच तह होऊन प्रकरण मिटलें. पुण्यांत त्या लढाईच्या दिवशीं धाकट्या नारायणाला आठ वर्षें पुरीं होत होतीं. एका पुतण्यानें चुलत्याला वांचविलें, आणि दहा वर्षांनीं दुसरा पुतण्या त्याच चुलत्याच्या कमरेला मिठी घालून 'काका, मला वांचवा' म्हणत होता, असें लोक सांगतात.

तो दिवस भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा, शके १६९५, सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. अनंत चतुर्दशी उद्यांवर आलेली. नारायणराव सकाळीं पर्वतीस जाऊन आला. गारद्यांत कांहीं शिजत आहे ही कुणकुण त्याला लागली होती, व बंदोबस्त करण्यास त्यानें हरिपंत फडक्यांना सांगितलेंहि होतें. तो बंदोबस्त भोजनोत्तर व्हावयाचा होता. माध्यान्हीच्या सुमारास सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ यांच्या हाताखालचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत वाड्यांत शिरले. नारायणराव विश्रांति घेत होता. तो उठून पळाला तो चुलती पार्वतीबाई, पानिपतावर नाहींशा झालेल्या सदाशिवरावभाऊंची बायको, हिच्याकडे. आणि तेथून दादाकडे. दादाचा नोकर तुळाजी पवार यानें त्याला ओढून काढलें, व गारद्यांनीं तरवारी चालविल्या. चाफाजी टिळेकर नांवाचा खिजमतगार धन्याच्या अंगावर आडवा पडला. त्याचेहि तुकडे झाले. वाड्यांत त्या घटकेला आणखीहि माणसें मेलीं. रात्रीं नदीकांठीं प्रेताला अग्नि दिला. बायको गंगाबाई त्या वेळीं गरोदर होती.

खून दिवसाढवळ्या झाला, मारेकरी ओळखीचे होते, पाहणारे डझनांनीं होते. मग संशय उरला कशाचा? संशय उरला तो हुकुमाचा. गारद्यांना कोणीं सांगितलें, आणि काय सांगितलें?

हा प्रश्न दरबारांतला एक माणूस जाहीर रीतीनें विचारूं शकत होता, आणि त्यानें तो विचारला. रामशास्त्री प्रभुणे हे न्यायाधीश. पेशव्यांचा न्यायाधीश म्हणजे पेशव्यांचा पगारी चाकर, आणि खून झाला त्याच संध्याकाळपासून पेशवाईचा कारभार दादाच्या हातीं गेला होता. असें असतांहि शास्त्रीबुवांनीं कांहीं आठवडे चौकशी चालविली. सरदेसायांनीं दिलेल्या हिशेबाप्रमाणें या कटांत एकूण ४९ माणसें गुंतलेलीं होतीं. पैकीं १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभु व ७ मराठे. हे आंकडे लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. आपण सर्व दोष एका बाईच्या बोरूवर घालून मोकळे होतों, आणि एकूणपन्नासांपैकीं दोन नांवेंहि आपल्याला आठवत नाहींत. नागपूरकर भोसल्यांच्या वारशाचें भांडण, कैदेंतील दादाच्या मनाचा जाच, कारभाऱ्यांचे रुसवे-फुगवे, गारद्यांची पैशाची हांव, इतक्या दोऱ्या या कटांत वळलेल्या होत्या. नागपूरच्या मुधोजीची माणसें पुण्यांत बसून हीच कारस्थानें करीत होतीं.

शास्त्रीबुवांनीं दादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडून ते वांईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत दिली आहे. ती पुढें खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकानें १९०९ पासून घरोघर पोंचविली, आणि १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री' बोलपटानें तिला चेहरा दिला. धरावें-मारावें ही गोष्टहि डफकडेच लिखित स्वरूपांत सर्वत्र पोंचली. खुनाला त्या वेळीं त्रेपन्न वर्षें होऊन गेलीं होतीं, पेशवाई बुडून आठ. मूळ चिठ्ठी मात्र कोणत्याहि दप्तरांत निघालेली नाहीं. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसायांनीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत संपादिले. त्यांतहि ती नाहीं. मागल्या बांकावरच्या त्या मुलाला द्यावयाचें उत्तर हें. कागद पाहिल्याची साक्ष आपल्याजवळ नाहीं; कागदाविषयींचें बोलणें आहे.

मग आनंदीबाई निर्दोष होती काय? तसेंहि मला म्हणावयाचें नाहीं. नवऱ्याची कैद सुटावी, त्याला मसनद मिळावी, अशी तिची इच्छा असणारच, आणि तिला राजकारण कळत होतें. पण इच्छा असणें निराळें आणि 'ध' खोडणें निराळें. शिवाय त्या गोष्टीनें दादाची सोय फार चांगली होते. त्यानें तर फक्त 'धरावें' म्हटलें होतें! पाप बायकोच्या पदरांत पडतें आणि पुरुष नुसता दुबळा ठरतो. अटकेपार झेंडा नेलेल्या वीराला खुनी म्हणण्यापेक्षां बायकोच्या मुठींतला म्हणणें ऐकणाऱ्यांना सोपें गेलें असावें, असा माझा तर्क आहे.

अशा प्रकरणीं लोकांचें बोलणें कधींच संपत नाहीं, याचा दाखला इंग्लंडांतहि आहे. १४८३ सालीं पांचवा एडवर्ड हा बारा वर्षांचा राजा व त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्यें ठेवले गेले, आणि तेथून ते पुन्हा दिसले नाहींत. गादीवर बसला तो त्यांचा काका, तिसरा रिचर्ड. पुढें त्या धाकट्या भावाच्या नांवानें एक तोतया उभा राहिला. पर्किन वॉरबेक त्याचें नांव. त्याला १४९९ सालीं फांशीं दिलें. आपल्याकडे भाऊसाहेबांच्या नांवानें उठलेल्या सुखनिधान नांवाच्या तोतयाला १७७६ सालीं असाच देहान्त झाला. गादीवरच्या घरांतील मरण लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, म्हणजे त्या जागीं कोणी ना कोणी उगवतोच. तिकडे पाहणारा एकहि साक्षीदार पुढें आला नाहीं. आपल्याकडे साक्षीदार पुष्कळ, आणि कोडें तरी शिल्लकच.

आतां मारेकऱ्यांच्या शोधाची गोष्ट. या भागाकडे आपल्या नाटककारांनीं फारसें पाहिलें नाहीं. मला तर तोच भाग अधिक विचार करण्यासारखा वाटतो.

दादा पेशवा झाला, तोंवर गारद्यांना कोण हात लावणार? पण पुण्याचे कारभारी एक झाले. सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकमामा पेठे इत्यादिकांनीं बारभाईंचें कारस्थान उभारलें, व १७७४ च्या आरंभीं गंगाबाईला पुरंदरावर नेऊन तिच्या नांवानें कारभार चालू केला. १८ एप्रिल रोजीं तिला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावाला मे महिन्यांत पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. बापाच्या खुनाचा न्याय मागणारा फिर्यादी पाळण्यांत होता, आणि आरोपी फौज घेऊन फिरत होता. मार्चमध्यें पंढरपुराजवळ कासेगांवीं झालेल्या लढाईंत त्रिंबकमामा पडले होते. तरी पुढें पाठलागाला हरिपंत लागल्यावर दादा उत्तरेकडे पळाला. तो बऱ्हाणपुरावरून माळव्यांत गेला, आणि गर्भवती आनंदीबाईला धारच्या किल्ल्यांत ठेवून स्वतः गुजराथेंत उतरला. त्या किल्ल्यांत जानेवारी १७७५ मध्यें जन्मलें तें मूल म्हणजे दुसरा बाजीराव.

गारदी तर आधींच पांगले होते. त्या काळीं हिंदुस्थान हा अनेक राज्यांचा प्रदेश होता. निजामाचा मुलूख निराळा, हैदरअलीचा निराळा, नागपूर जवळजवळ निराळें, बंगाल-बिहार इंग्रजांचें. एका सरकारचा गुन्हेगार दुसऱ्या सरकारच्या हद्दींत शिरला कीं तो गुन्हेगार उरत नसे. तो एक सोंगटी होई. आज प्रत्यर्पणाचा १९६२ चा कायदा आहे, राष्ट्राराष्ट्रांचे करार आहेत, इंटरपोलच्या लाल सूचना निघतात. तेव्हां होते वकील, हेर आणि मुत्सद्द्यांचीं पत्रें. सुमेरसिंग लांब पाटण्यापर्यंत पोंचला आणि तेथें अकस्मात मेला. त्याची जबानी त्याच्याबरोबर गेली. महंमद इसफ हातीं लागला व त्याला मृत्यूची शिक्षा झाली. खरगसिंग व तुळाजी पवार हे दक्षिणेंत हैदरअलीच्या आश्रयास गेले.

हैदराचें यांत काय जात होतें? कांहींच नाहीं. दादाशीं त्याचें सूत जमलेलें होतें, आणि दादानें आपल्या अडचणीच्या वेळीं त्याला मराठ्यांनीं जिंकलेला मुलूख सोडून दिला होता. अशा माणसाजवळून दोन आसरेकरी परत मागणें म्हणजे त्याच्या मैत्रीची किंमत विचारणें होय. पुणेंकरांनीं तगादा सोडला नाहीं. अखेर पुण्याशीं गोड राहण्याची गरज हैदराला पडली, तेव्हां त्यानें दोघांना स्वाधीन केलें आणि त्यांना हालहाल करून मारण्यांत आलें. त्या शिक्षेचीं वर्णनें मीं येथें देत नाहीं. एवढें मात्र म्हणतों कीं, ज्या हातांनीं तरवार धरली ते हात शोधून काढण्यांत कारभाऱ्यांनीं वर्षें खर्च केलीं, आणि यश मिळविलें.

मुख्य आरोपीच्या बाबतींत मात्र गोष्ट वेगळी झाली. दादा सुरतेस इंग्रजांकडे गेला. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेचा तह झाला. मुंबईकर इंग्रजांनीं त्याला पुण्यास नेऊन बसविण्याचें कबूल केलें, आणि मोबदला म्हणून त्यानें साष्टी-वसई देऊं केली. साष्टी तर त्यांनीं मागल्याच डिसेंबरांत बळकावली होती. इंग्रजांचा वकील मॉस्टिन खुनाच्या दिवसांत पुण्यांतच राहत होता. तेव्हां आपण कोणाला जवळ करीत आहों हें मुंबईकरांना कळत नव्हतें असें नाहीं. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळींनीं हा उद्योग अन्याय्य व बिनपरवानगीचा ठरविला आणि कर्नल अप्टनला पाठवून १७७६ च्या मार्चमध्यें पुरंदरचा तह केला. कारभाऱ्यांचें म्हणणें स्वच्छ होतें. हा मनुष्य आमच्या धन्याच्या खुनांतला आहे, तो आमच्या हातीं द्या. शरण आलेल्याला स्वाधीन करणें इज्जतीला शोभत नाहीं, असें इंग्रजांचें उत्तर. इज्जतीचा हा प्रश्न साष्टी बेटाच्या उत्पन्नावर किती अवलंबून होता, हें श्रोत्यांनींच ठरवावें. त्याच वर्षाच्या अखेरीस दादा मुंबईस इंग्रजांच्या छायेंत राहूं लागला.

एकदां तो हातीं आला होता. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवीं इंग्रजांची फौज कोंडली गेली, आणि दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाला. त्याला झांशीस नेऊन ठेवावयाचें ठरलें. पण वाटेंत नर्मदेच्या कांठीं त्यानें पहाऱ्यावर हल्ला केला व निसटून तो भडोचेस पुन्हा इंग्रजांकडे गेला. त्याच्या वकिलांनीं तर विलायत गांठली. हणमंतराव नांवाचा ब्राह्मण व मणियार नांवाचा पारशी हे त्याच्या वतीनें १७८१ सालीं लंडनांत होते. त्यांच्या राहण्या-जेवणाचे हाल पाहून पार्लमेंटांतील प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनीं त्यांना आपल्या घरीं ठेवून घेतलें. सोंवळ्यांत स्वयंपाक करणारा पुण्याचा ब्राह्मण बर्कसाहेबांच्या परड्यांत! शनवारवाड्यांतल्या एका दुपारचें प्रकरण इतक्या लांब गेलें होतें.

आणि मधल्या सात वर्षांत, १७७५ पासून १७८२ पर्यंत, इंग्रज-मराठ्यांचें पहिलें युद्ध झालें. किती शिपाई मेले, किती गांवें लुटलीं गेलीं, त्यांची गणति चाफाजी टिळेकराइतकीहि कोणीं ठेवली नाहीं. मे १७८२ च्या सालबाईच्या तहांत दादाविषयीं जें ठरलें तें असें: इंग्रजांनीं त्याला यापुढें मदत करूं नये, त्यानें चार महिन्यांत राहण्याची जागा ठरवावी, आणि त्याला दरमहा २५,००० रुपये मिळावे. चौकशीचा, प्रायश्चित्ताचा त्यांत शब्द नाहीं. नाना फडणवीसांना तो शब्द आठवत नसेल असें मी मानीत नाहीं. जवळजवळ नऊ वर्षांनंतर, रिकाम्या खजिन्यानिशीं, त्यांना शांतता हवी होती, आणि फिर्यादी मुलगा अजून आठच वर्षांचा होता.

दादानें कोपरगांव पसंत केलें. आपल्या शहराहून तें फार दूर नाहीं. गोदावरी तेथून पैठणास येते व पुढें राक्षसभुवनास जाते. ११ डिसेंबर १७८३ रोजीं तो तेथेंच वारला. आनंदीबाई मागें राहिली. पाठचा मुलगा चिमाजी दादाच्या मरणानंतर जन्मला. तिच्यावर व मुलांवर कारभाऱ्यांचा पहारा अखेरपर्यंत होता. कोपरगांवाहून तिला नाशकाजवळ आनंदवल्लीस नेलें, आणि १७९४ सालीं ती तेथें वारली. तिला मरून दोन वर्षें झालीं तेव्हां तिचा बाजीराव पेशवा झाला.

रामशास्त्रीबुवा बारभाईंच्या विनंतीवरून परत न्यायाधीशीवर आले व १७८९ पर्यंत जगले.

मागल्या बांकावरचा तो विद्यार्थी आतां चाळिशींत असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. आकाशवाणीवर हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें उभें राहण्याचें कारण नाहीं.